हात स्वतःहून जिथं थांबतो

माऊसवरचा हात आता बाजूला घ्या. खुर्चीत थोडं मागं सरका, पाठ टेकू द्या. पाय जमिनीवर पुरते टेकत नसतील तर खाली एखादा पाट सरकवा. उभा माऊस, म्हणजे अंगठा वर ठेवून धरायचा माऊस, घ्यावा का, आणि घ्यायचा तर कुठला, हा प्रश्न बरेच दिवस मनात घोळत असेल. किमती पाहून झाल्या असतील, कुणी एखाद्या मॉडेलचं नावही सुचवलं असेल. ते सगळं तूर्त तसंच राहू द्या. आधी थोडा वेळ आपण हातापाशी बसू. जो हा माऊस रोज धरणार आहे, त्याचं म्हणणं पहिल्यांदा ऐकायला हवं असं मला मनापासून वाटतं. एकेक परिच्छेद वाचा, थांबा, सांगितलंय ते करून पाहा आणि मगच पुढं या.

सकाळी उठल्यावर अंथरुणातच तळहात पाहायची आपल्याकडे जुनी रीत आहे. आता भर कामाच्या वेळी तेच करा. दोन्ही तळहात समोर धरा आणि एकाकडून दुसऱ्याकडे सावकाश नजर फिरवा. अंगठ्याच्या बुडाशी मांसल उंचवटा आहे. तो दोन्ही हातांवर सारखाच भरलेला आहे का? मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं हात टेबलाच्या कडेवर टेकतो, तिथली कातडी उजव्या हाताला जास्त राठ झाली आहे का? बोटं सरळ करायचा प्रयत्न करू नका. ती जशी आपोआप किंचित मिटलेली राहतात तशीच राहू द्या आणि नुसतं पाहा.

आता दुखण्याची जागा शोधायची. डाव्या हाताच्या एका बोटानं उजव्या हातावर ती जागा दाखवा. ‘हात दुखतो’ एवढं म्हणून भागत नाही. दुखणं कुठं आहे यावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे. रात्री झोपेतून जाग येते, अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर झालेलं असतं आणि हात झटकल्यावर बरं वाटतं, असं होत असेल तर ती मनगटाच्या बोगद्यातून जाणाऱ्या नसेची तक्रार असण्याची शक्यता मोठी. मनगटाची आठ लहान हाडं आणि त्यांच्यावरून आडवा गेलेला एक चिवट पट्टा, यांच्यामध्ये अरुंद वाट असते. त्या वाटेनं बोटांना वाकवणारे नऊ स्नायुबंध जातात आणि त्यांच्या सोबतीनं ही नस. जागा तेवढीच राहते. सूज आली की दाबली जाते ती नस. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर नस वेगळी. ती कोपराच्या आतल्या बाजूनं येते, आणि तुमचं कोपर दिवसभर कुठं टेकलेलं असतं ते आधी बघायला हवं. कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ दुखत असेल तर मनगट वर उचलून धरणारे स्नायू थकले आहेत. आणि दुखणं अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला असेल, बाळाला काखेत हात घालून उचलताना किंवा कणीक मळताना कळ येत असेल, तर ते अंगठ्याच्या स्नायुबंधांचं दुखणं. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केर्व्हँ यांनी १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर अजूनही त्यांचंच नाव घेतात.

या चारही जागा नीट तपासा. अंगठ्याचा उंचवटा एका हातावर बसलेला दिसला, कपबशी हातातून निसटत असेल, बधिरपणा दिवसाही जात नसेल, तर दुकानाआधी डॉक्टरांकडे जायचं. माऊस हे औषध नाही. दबलेल्या नसेला उशीर परवडत नाही, म्हणून हे सुरुवातीलाच सांगितलं.

आता उभे राहा. दोन्ही हात बाजूला नुसते सोडून द्या. खांदे खाली येऊ द्या. मान न हलवता, फक्त नजरेनं पाहा: तळहात कुठं वळले आहेत? बहुतेकांचे मांडीकडे, आणि जरासे मागं. जमिनीकडे कुणाचेच नसतात. आता त्यांची दिशा न बदलता उजवं कोपर काटकोनात वाकवा. अंगठा वर, करंगळी खाली, तळहात पोटाकडे. पाण्याचा भरलेला पेला कुणी पुढं केला तर हात याच कोनातून तो घेईल. इथं थोडं थांबा. खांद्यात ताण नाही, कोपर बरगडीला लागलेलं आहे, मनगट कुठंच वाकलेलं नाही.

आता डाव्या हाताची बोटं उजव्या हातावर, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये ठेवा. आत दोन हाडं आहेत. एक करंगळीच्या बाजूचं, एक अंगठ्याच्या बाजूचं. अंगठा वर असताना ती एकमेकांना जवळजवळ समांतर असतात. कोपर बरगडीला तसंच चिकटवून ठेवा आणि तळहात सावकाश जमिनीकडे वळवा. करंगळीच्या बाजूचं हाड जवळपास जागेवरच राहतं. अंगठ्याच्या बाजूचं त्याच्यावरून आडवं फिरतं. बोटांखाली ते सरकताना जाणवेल. तळहात पुरता पालथा करायला गेलात की शेवटच्या टप्प्यात हात ओढून धरावा लागतो. तिथंच थांबा. दोन-चार श्वास घ्या. साध्या, आडव्या माऊसवर हात ठेवायचा म्हणजे इथं राहायचं.

मग दिवसभर आपल्याला हे कळत कसं नाही? आता कोपर सैल सोडा, त्याला हवं तिकडं जाऊ द्या. ते बरगडीपासून लांब, बाहेरच्या बाजूला जाईल, आणि हाताचा पीळ लगेच हलका होईल. उरलेलं वळण खांद्यानं उचललं. संध्याकाळी उजवा खांदा आणि मानेची उजवी बाजू भरून येते आणि आपण तिथं बाम चोळतो, त्यामागं बऱ्याचदा हे असतं. हाताचं देणं खांदा फेडत राहतो. मनगटाला बरं वाटावं म्हणून घ्यायच्या वस्तूचा संबंध मानेशी कसा, हे ज्याला अजून पटलं नसेल त्यानं कोपर पुन्हा एकदा आत-बाहेर करून पाहावं.

अजून एक गोष्ट पाहायची आहे. बसा, आणि हात नेहमीच्या माऊसवर ठेवा. डाव्या हाताची बोटं उजव्या कोपराच्या थोडं पुढं, हाताच्या वरच्या बाजूला टेकवा. आता तर्जनी क्लिक करण्यासाठी किंचित उचला, पण क्लिक करू नका. बोटांखाली एक स्नायू घट्ट झालेला लागेल. बोट खाली सोडा, तो सैल पडेल. क्लिक करायला ताकद फारशी लागत नाही. बटणावर अलगद, न दाबता बोट तोलून धरायला मात्र हा स्नायू सारखा कामावर राहतो. आपण वाचत असतो, विचार करत असतो, फोनवर बोलत असतो, आणि बोट क्लिकची वाट पाहत वरच असतं. उभ्या माऊसवर बोटं बाजूनं टेकतात, त्यांना तोलून धरायचं हे काम हलकं होतं. उभ्या माऊसच्या बाजूनं मला सगळ्यात भक्कम वाटणारी गोष्ट हीच आहे. जाहिरातीत ती क्वचितच दिसते, तिथं कोनाचंच कौतुक जास्त असतं.

हात इतक्या सहज ज्या कोनात येतो, त्या कोनाचा माऊस पहिल्यापासून का झाला नाही? कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये पहिला माऊस घडवला. तो लाकडाचा ठोकळा होता. खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाकं, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. वर एकच बटण. चाकं टेबलावर टेकली पाहिजेत, म्हणून ठोकळा आडवा. आणि ठोकळा आडवा, म्हणून तळहात पालथा. संस्थेत या माऊसची लाइट पेन, जॉयस्टिक, अगदी गुडघ्यानं चालवायच्या साधनाशीही तुलना झाली. मोजलं ते असं: खुणेपर्यंत पोहोचायला वेळ किती लागतो आणि चुका किती होतात. एखादी कारकून बाई हा ठोकळा वर्षानुवर्षं रोज धरणार आहे, तिच्या हाताचं काय, हा त्या मोजणीचा प्रश्नच नव्हता. तेव्हा तशी कारकून बाई अस्तित्वातही नव्हती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी सगळ्यांसमोर तो चालवून दाखवला. पुढं चाकांच्या जागी गोळी आली. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं प्रकाशावर चालणारा माऊस घरोघरी पोहोचवला आणि गोळीही गेली. आता खाली फक्त टेबल पाहणारा एक बारीक डोळा उरला होता. वरच्या कवचाला कुठलाही आकार घेता आला असता. पण तोवर जगभरच्या हातांना पालथं राहायची सवय झाली होती, आणि बहुतेक माऊस आडवेच राहिले. ज्या चाकांमुळं तो आकार आला, ती कधीचीच गेली आहेत. हात मात्र अजून त्यांच्याच हिशोबानं वळतो आहे.

याच्याही पुष्कळ मागं जाऊ. बर्नार्दिनो रामाझ्झिनी हे इटलीतले वैद्य. निरनिराळ्या धंद्यांतल्या माणसांना कुठले आजार जडतात यावरचा त्यांचा ग्रंथ १७०० मध्ये निघाला. १७१३ च्या आवृत्तीत त्यांनी लेखनिक आणि कारकून यांच्यावर एक प्रकरण घातलं. या लोकांच्या दुखण्याची त्यांनी तीन कारणं दिली: सतत बसून राहणं, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. त्यात एका लेखनिकाची हकिकत आहे. लिहून लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्यानं जिद्दीनं डाव्या हातानं लिहायला शिकून घेतलं. काही काळानं डाव्या हाताचीही तीच गत झाली.

या माणसापाशी थोडा वेळ थांबा, असं मी आग्रहानं म्हणेन. त्याची चूक काहीच नव्हती. पोटासाठी लिहिणं भाग होतं आणि त्यानं सुचला तो उपाय केला. भार एका हातावरून दुसऱ्या हातावर गेला, भार मात्र तेवढाच राहिला. उभा माऊसही भार हलवतो. तो हाताचा पीळ कमी करतो, मनगट टेबलावर सपाट दाबलं जाणं कमी करतो. आणि त्याच वेळी अंगठ्याकडे नवं काम देतो, मनगटाची हालचाल कोपर आणि खांद्याकडे सोपवतो. मनगट थकलं असेल आणि खांदा ताजा असेल तर ही वाटणी फार उपयोगाची. खांदाच दुखत असेल तर तीच वाटणी वाईट. दुखण्यावर बोट ठेवून दाखवायला मी सुरुवातीला सांगितलं ते यासाठी.

आणि रामाझ्झिनींचं तिसरं कारण. माऊस पुन्हा हातात घ्या आणि एखादं घाईचं काम आठवा: संध्याकाळपर्यंत पानं छपाईला जायची आहेत, साहेब मागं उभे आहेत, बँकेच्या साइटवर चक्र फिरतंय आणि पुढं काही होत नाही. नुसतं आठवलं तरी पकड घट्ट झालेली जाणवेल. चक्र फिरत असताना माऊस आवळून धरल्यानं ते लवकर थांबत नाही, हे आपल्याला माहीत असतं. हाताला माहीत नसतं. आता मुद्दाम पकड सैल करा. पॉइंटर जागचा हलू नये एवढ्यापुरतं किती कमी धरावं लागतं ते पाहा. हीच पकड नव्या माऊसवरही जाणार आहे. महागातला महाग माऊस आवळून धरला तर अंगठा दुखेल. दिवसातून अधूनमधून, पान उघडायला वेळ लागतोय तेवढ्यात, हात पूर्ण उचलून मांडीवर ठेवायची सवय लागली, तर तिचा उपयोग मला कोनाइतकाच वाटतो.

संशोधन काय सांगतं, तेही नीट ऐकून घेऊ. २०१५ मध्ये मनगटाच्या बोगद्याचा त्रास असलेल्या रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना उभा माऊस आणि वेगवेगळे पॅड देऊन पाहिले. मनगटाची ठेवण बदलली, पण बोगद्याच्या आतला दाब काही कमी झाला नाही. रात्री हात बधिर होऊन ज्यांची झोपमोड होते, त्यांनी हे लक्षात ठेवावं: हाताला सुखाचं वाटणं आणि नसेवरचा दाब उतरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हाताचा पीळ कमी होणं आणि वरच्या स्नायूंचं काम हलकं होणं यांना मात्र बराच आधार आहे. लॉजिटेक त्यांच्या ‘एमएक्स व्हर्टिकल’साठी स्नायूंचं काम १० टक्के कमी होतं असं सांगते. तो कंपनीचा आकडा आहे आणि तसाच तो घ्यावा. सुरुवातीला काम हळू होतं आणि बारीक खुणा साधायला वेळ लागतो, हेही खरं. पानावर मजकूर मिलीमीटरनं सरकवणारे, फोटोतले केस एकेक कापणारे यांना ते जास्त जाणवेल.

आता निवडीकडे येऊ. हात टेबलावर, तळवा वर. मनगटावरच्या पहिल्या आडव्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी धरा. हे एक माप बहुतेक सगळं ठरवतं. साधारण साडेसतरा सेंटीमीटरच्या आत असेल तर हात लहान समजायचा, १९ च्या पुढं गेला तर मोठा. लॉजिटेकनं २०१८ मध्ये ‘एमएक्स व्हर्टिकल’ आणला तो मोठ्या हाताला बसतो. २०२२ चा त्यांचा ‘लिफ्ट’ १९ सेंटीमीटरपर्यंतच्या हातासाठी आहे. दोघांचा कोन एकच, ५७ अंश. इव्होल्युएंट ही कंपनी बरीच वर्षं उभे माऊस करत आली आहे. तिच्याकडे लहान आकारही मिळतो. आपल्याकडे घरातल्या किंवा ऑफिसातल्या एखाद्या उंच पुरुषानं पसंत केलेला माऊस सगळ्यांसाठी मागवला जातो. मग बायकांना तो मोठा पडतो, बोटं बटणाच्या टोकापर्यंत ताणावी लागतात आणि त्या म्हणतात, मला नाही जमत हा प्रकार. जमत नाही असं नसतं. माप चुकलेलं असतं. उभा माऊस एका माणसाचा असतो. चप्पल जशी आपल्या मापाची घेतो तसाच घ्यावा.

माऊस हातात आला की बटणांवर बोटं ठेवून पाहा. टोकं सहज पोहोचली पाहिजेत आणि बोटं किंचित वाकलेली राहिली पाहिजेत. मग क्लिक करा, आणि करताना अंगठ्याकडे लक्ष द्या. आडव्या माऊसवर क्लिकचा जोर खाली टेबलात जातो. उभ्या माऊसवर तो बाजूला जातो, माऊस डावीकडे सरकू पाहतो आणि अंगठ्याला समोरून थोपवून धरावं लागतं. दिवसाच्या शेकडो क्लिकांना अंगठा असा उभा राहतो. म्हणून बटण हलकं हवं, अंगठ्याला टेकायला खोलगट, रुंद जागा हवी, आणि माऊसला थोडं वजन असलेलं बरं. आडव्या माऊसबद्दल हलका तो चांगला असं म्हणतात. उभ्याला मी तसं म्हणणार नाही. ‘लिफ्ट’ सुमारे १२५ ग्रॅमचा आहे, ‘एमएक्स व्हर्टिकल’ १३५ चा, आणि ते वजन क्लिकच्या वेळी उपयोगी पडतं. ज्यांचा अंगठाच दुखतो त्यांनी तर फार जपून निवडावं. थ्रीएमचा एक माऊस काठीसारखा उभा धरायचा असतो आणि त्याचं बटण अंगठ्यानं दाबायचं असतं. मधल्या बोटाची तक्रार असलेल्याला तो छान, अंगठा दुखणाऱ्याला अजिबात नको.

करंगळीही विसरू नका. ती टेबलावर घासत जाते. माऊसच्या खालच्या कडेला बाहेर आलेली ओठासारखी पट्टी असेल तर करंगळी तिच्यावर बसते. हात कोरडा पडणाऱ्या दिवसांत हा फरक चांगलाच कळतो.

डावखुऱ्यांना निवड कमी आहे. साधा आडवा माऊस कुठल्याही हातानं चालतो, उभा बहुतेक वेळा एकाच हाताचा. ‘लिफ्ट’ आणि इव्होल्युएंट यांचे डावे अवतार मिळतात, एवढं लक्षात ठेवावं. वायर की बिनवायर, यावर वेळ घालवू नका. सेटिंगमध्ये जाऊन पॉइंटरचा वेग मात्र थोडा वाढवा, म्हणजे हाताला कमी फिरावं लागेल.

कीबोर्डकडे बघा. उजवीकडे आकड्यांचा चौकोन आहे ना? माऊस त्याच्याही पलीकडे. तिथं पोहोचायला हात बाहेर जातो आणि मनगट करंगळीकडे वाकतं. कसलाही माऊस असला तरी हे होतंच. आकडे रोज लागत नसतील तर त्या चौकोनाविना मिळणारा आखूड कीबोर्ड घ्या. काही वेळा एवढ्यानंच निम्मं काम होतं. मराठीत टाइप करणाऱ्यांना हे जास्त सांगायला हवं. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजनं उजव्याकडे. त्यात माऊसही उजवीकडेच. दुकानात, तलाठी कार्यालयात, छापखान्यात दिवसभर मराठी टाइप करणाऱ्या माणसाच्या उजव्या हाताला टाइप करतानाही काम आणि टाइप थांबवल्यावरही काम. माऊसची कामं शक्य तेवढी कीबोर्डच्या शॉर्टकटवर टाकली तर त्याला श्वास मिळेल.

टेबलाची उंचीही पाहा. नेहमीचं टेबल ७५ सेंटीमीटरच्या आसपास उंच असतं. कमी उंचीच्या माणसाचं कोपर त्याच्या खाली राहतं, आणि खांदा उचलूनच माऊस धरावा लागतो. अशा टेबलावर उभा माऊस ठेवला की हात आणखी वर जातो. खुर्ची उंच करा आणि पायाखाली तो मघाचा पाट ठेवा. कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाला टेकायला जागा मिळाली तर फारच चांगलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात कॉल सेंटरमधल्या लोकांना टेबलाच्या कडेला बसवायची रुंद फळी दिली होती, आणि वर्षभरात त्यांचं मान-खांद्याचं दुखणं कमी झालं. आपल्याकडे सुतार अशी फळी सहज करून देईल. कड मात्र गोल घासून घ्यायला सांगा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलात तर बंद खोक्यावर समाधान मानू नका. उघडलेला नग मागा, दुकानदाराच्या टेबलावर बसा, आणि घरी केलं तेच तिथं करा: हात बाजूला सोडा, कोपर वाकवा, हात स्वतःहून जिथं थांबतो तिथं माऊस आणा. हाताला माऊसकडे वळावं लागलं तर तो कोन तुमचा नाही. कुणाला ५७ अंश पुरतात, कुणाला आणखी उभा लागतो, आणि काहींना वीस-तीस अंशांचा नुसता कललेला माऊसच बरा वाटतो. दुकानदार घाई करेल. करू द्या.

घरी आणल्यावर जुना माऊस फेकू नका. पहिले काही दिवस सकाळी नवा, दुपारी जुना, असं आलटून पालटून वापरा. हाताला एकदम नवं काम दिलं की तो नव्या जागी दुखतो. जुना माऊस डाव्या हातालाही थोडा थोडा शिकवता येईल, फक्त त्या लेखनिकासारखा सगळा भार तिकडं टाकू नका. रोज संध्याकाळी एकदा तपासा. बरणीचं झाकण उघडताना, ओला कपडा पिळताना, जिन्याचा कठडा धरताना अंगठ्यात कळ येते का? खांदा वर चढून राहिला आहे का? जिथं आधी दुखत होतं तिथं पुन्हा बोट ठेवून पाहा. ऑनलाइन घेतला असेल तर परत करायची मुदत आधीच बघून ठेवा. दुखणं मनगटातून निघून अंगठ्याकडे किंवा खांद्याकडे गेलेलं दिसलं, तर त्या मुदतीच्या आत माऊस परत पाठवा आणि दुसऱ्या मापाचा किंवा कमी कोनाचा मागवा.